आजोबांच्या ट्रकचे इंजिन : बदलावे की बांधावे?

जुन्या वाहनांविषयी या सदराकडे येणाऱ्या पत्रांत या वेळी मालट्रकांची पत्रे अधिक आहेत, आणि त्यांतील बहुतेकांची अडचण इंजिनाशी येऊन थांबते. कराडहून आलेल्या पत्रातील प्रश्न सर्वांनाच उपयोगी पडणारा असल्यामुळे त्याचे उत्तर विस्ताराने देत आहे.

प्रश्न : माझ्या आजोबांनी १९५९ साली घेतलेला टाटा-मर्सिडीज-बेंझ एल-३१२ हा ट्रक १९९४ पासून आमच्या गुऱ्हाळाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे. कोल्हापूरच्या बाजारात गूळ पोचवण्याचे काम त्याने पस्तीस वर्षे केले. केबिन आणि हौद्याचे काम आम्ही जवळजवळ पुरे केले आहे, परंतु इंजिन जाम असून फ्लायव्हीलला पहार लावूनही ते हलत नाही. एक मिस्त्री म्हणतात की भंगारातून टाटा ६९७ आणून बसवा, महिन्याभरात गाडी रस्त्यावर येईल. दुसऱ्यांचे मत असे की दिल्लीला मूळ जातीचे इंजिन मिळेल, तेच आणावे. सध्याच्या इंजिनावरील नंबर आरसी बुकातील नंबराशी जुळतो. आम्ही काय करावे? — एक वाचिका, कराड

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पासष्ट वर्षांनंतरही चासीवर तिचे स्वतःचे इंजिन असणे ही फार थोड्या मालट्रकांच्या वाट्याला येणारी गोष्ट आहे, कारण त्या काळचे ट्रक पोटासाठी चालत असत आणि इंजिन बिघडले की जे मिळेल ते बसवून गाडी पुन्हा फेरीवर धाडली जात असे. म्हणून माझे मत स्पष्टच सांगतो : ब्लॉक (इंजिनाचा ओतीव सांगाडा) आणि क्रँक (पिस्टनांच्या चालीने फिरणारा मुख्य दांडा) वाचवता येत असतील तर हेच इंजिन बांधावे, आणि ते वाचवता येतात की नाही हे मोजमाप करून ठरेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही इंजिनाला बयाणा देऊ नये.

पहिल्या मिस्त्रींचा सल्ला मात्र अगदीच बिनबुडाचा नाही. टेल्कोने (आजच्या टाटा मोटर्सने) १९५४ साली डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला हे ट्रक बांधायला सुरुवात केली, तेव्हा त्यांत ओएम-३१२ हे सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन होते. त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) १२० मिलिमीटर आणि आकारमान सुमारे ४.६ लिटर. पुढे आलेल्या टाटा ६९२ आणि ६९७ या इंजिनांची नावे म्हणजे त्यांची मापेच आहेत : सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचा बोअर, सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. ६९२ चा स्ट्रोक १२० मिलिमीटरच राहिला, तर ६९७ चा १२८ झाला आणि आकारमान ५,६७५ घन सेंटिमीटरवर गेले. मर्सिडीजच्या ओएम-३५२ चीही मापे हीच आहेत. घराणे एकच असल्यामुळे ही इंजिने एकमेकांच्या जागी बसतील असे वाटणे स्वाभाविक आहे आणि अनेक गाड्यांत ती बसवलीही गेली आहेत. तथापि ओएम-३१२ मध्ये डिझेल आधी प्रीचेंबरमध्ये, म्हणजे हेडमधल्या छोट्या कोठडीत, पेटते, तर ६९७ मध्ये ते थेट पिस्टनच्या माथ्यावर फवारले जाते. दोघांचा आवाज निराळा, थंडीत सुरू होण्याची रीत निराळी आणि ओढही निराळी. अधिक ओढीचे इंजिन जुन्या क्लचवर, गिअरबॉक्सवर आणि मागच्या डिफरन्शियलवर भार टाकते, आणि मग एकामागून एक तेही बदलावे लागतात. शेवटी केबिन आजोबांची आणि खालची गाडी दुसऱ्याच कोणाची, अशी स्थिती होते.

आता जाम इंजिनाविषयी. पंचवीस-तीस वर्षे उभ्या असलेल्या इंजिनात सहाही सिलिंडर सहसा धरलेले नसतात. गाडी बंद झाली त्या क्षणी ज्या सिलिंडरांचे व्हॉल्व्ह उघडे राहिले, त्यांत सायलेन्सरच्या किंवा हवेच्या वाटेने पावसाळी दमट हवा शिरत राहते आणि तेवढ्याच एक-दोन पिस्टनांच्या रिंगांपाशी गंज बसतो. त्यामुळे बळ लावण्याआधी ऑइलच्या चेंबरचा बूच सैल करून आधी पाणी येते की तेल, हे पाहावे. पाणी आले तर हेडच्या गास्केटची किंवा ब्लॉकच्या तड्याची शंका मनात ठेवूनच पुढची तपासणी करावी. त्यानंतर रॉकरचा दांडा उतरवून पुशरॉड बाहेर काढावेत, कारण व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेले असताना क्रँक फिरला तर पुशरॉड वाकतात किंवा पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो. ही पायरी गाळून नुकसान करून घेतलेली इंजिने मी बरीच पाहिली आहेत.

डिझेल फवारणारे नोझल काढून त्या भोकातून डिझेल आणि पातळ तेलाचे मिश्रण सोडण्याचा उपाय सगळेच सांगतात. आपल्या इंजिनाबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल, ती अशी की नोझलचे भोक थेट पिस्टनवर उघडत नसून प्रीचेंबरमध्ये उघडते, आणि तेथून खाली जाण्याची छिद्रे फार बारीक असतात. तेल झिरपते, पण सावकाश, आणि पिस्टनच्या सगळ्या कडेला ते पोचेलच असे नाही. आठ-दहा दिवस रोज थोडे तेल सोडून पुढच्या पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावावा आणि हाताच्या बळाने दोन्ही दिशांना केसभर हलते का ते पाहावे. हलले नाही तर हट्ट न करता हेड उतरवावे. गिअरमध्ये टाकून टोचन लावण्याचा मोह मात्र पूर्णपणे टाळावा, कारण धरलेला एक पिस्टन सुटण्याआधी कनेक्टिंग रॉड वाकतो आणि ब्लॉकला भोक पडते. एखादा पिस्टन काही केल्या निघाला नाही तर तो फोडून काढायलाही हरकत नाही, कारण पिस्टन पुन्हा मिळतो आणि ब्लॉक मिळत नाही. खोलताना रॉडच्या आणि मेन बेअरिंगच्या टोप्यांवर क्रमांक ठोकून ठेवावेत. टोपी एका रॉडची आणि दुसऱ्याला लावली की बेअरिंगचे घर गोल राहत नाही.

येथपर्यंतचे काम गावातला सावध मिस्त्री करू शकतो. यापुढचे काम मशीन शॉपचे आहे, आणि कोल्हापूर आपल्याला जवळ असणे हे मोठे भाग्य आहे. उद्यमनगरात ओतकामापासून क्रँक ग्राइंडिंगपर्यंतचे हात एका हाकेच्या अंतरावर आहेत. तेथे नेऊन आधी क्रँक आणि ब्लॉक ही दोनच अंगे तपासून घ्यावीत. क्रँक चुंबकीय पद्धतीने तड्यांसाठी तपासावा, प्रत्येक जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) दोन दिशांनी मोजून तो किती अंडाकृती झाला आहे ते लिहून घ्यावे आणि आधी किती वेळा घासला आहे हे त्याच्या मापावरून ओळखावे. घासण्याच्या पायऱ्या बहुधा पाव मिलिमीटरच्या असतात. शेवटच्या पायरीपर्यंत गेलेला क्रँक पुन्हा घासून उपयोग नसतो. त्या वेळी मात्र दुसऱ्या क्रँकचा शोध घ्यावाच लागतो.

क्रँकविषयी एक गोष्ट स्वतःच्या अनुभवातून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जुन्या ट्रकचा क्रँक मी घासायला दिला, परत आल्यावर मायक्रोमीटरने प्रत्येक जर्नलचे माप पाहिले आणि समाधान मानले. जर्नल जेथे क्रँकच्या भिंतीला मिळतो तेथली गोलाई मात्र मी पाहिली नाही. ग्राइंडिंगच्या चाकाची कड नीट गोल करून न घेतल्याने तेथे धारदार कोपरा राहिला होता, आणि काही शे किलोमीटरनंतर घाटात क्रँक नेमका त्याच कोपऱ्यातून तुटला. त्यात ब्लॉकही गेला. तो ट्रक त्या घरच्या माणसांनी किती आशेने उभा केला होता हे मला ठाऊक होते, आणि ती चूक मी अजून विसरू शकलेलो नाही. म्हणून माप बरोबर आहे का एवढे विचारून थांबू नका, कोपऱ्याची गोलाई गेज लावून पाहा. घासल्यावर वरचा कठीण थर उरला आहे का, याचीही तपासणी करून घ्या.

ब्लॉकमध्ये प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडवा आणि उभा, असा सहा जागी बोअर गेजने मोजावा. झीज सर्वांत जास्त वरच्या रिंगेच्या वळणाच्या जागी असते. पस्तीस वर्षे चाललेल्या इंजिनात आधी कोणी लाइनर (सिलिंडरच्या आत बसवायच्या बदलत्या नळ्या) बसवले आहेत का हेही तेथेच कळेल. लाइनर असतील तर ते काढून नवे बसवता येतात आणि बोअर पुन्हा मूळ मापावर येतो. ते बसवताना घट्टपणाचे माप चुकले तर लाइनर सैल राहतो किंवा पातळ भिंत चिरते, त्यामुळे हे काम घाईच्या दुकानात देऊ नये. ब्लॉक आणि हेड दोन्ही पाण्याच्या दाबाखाली तपासावेत. आपल्याकडे विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये भरले जाते आणि ते पाण्याच्या वाटा आतून कुरतडते, हे बाहेरून मुळीच दिसत नाही. बाहेरच्या भिंतीला छोटा तडा असेल तर तो खिळे गुंफून थंडच शिवता येतो, तेथे वेल्डिंगची उष्णता देण्याची गरज नसते. दोन सिलिंडरांच्या मधल्या भिंतीला किंवा मेन बेअरिंगच्या घराला तडा असेल तर मात्र तो ब्लॉक सोडून द्यावा.

ही तपासणी झाल्यावर, आणि त्यानंतरच, पिस्टन विकत घ्यावेत. डब्यावरचे नाव पाहून घेतलेला पिस्टन हाती पडल्यावर गजन पिनचा (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेचा) व्यास, पिनेपासून माथ्यापर्यंतची उंची आणि रिंगांच्या खाचांची रुंदी जुन्या पिस्टनशी ताडून पाहावी, कारण नव्वद मिलिमीटरचे पिस्टन आणखीही कितीतरी इंजिनांचे असतात. जुना माल मुंबईत ऑपेरा हाउस भागातील सुट्या भागांच्या दुकानांत, कोलकात्याच्या मलिक बाजारात आणि दिल्लीच्या मायापुरीत शोधावा. एल-३१२ ट्रक ब्राझील आणि अर्जेंटिना येथेही बांधला जात असे, त्यामुळे गास्केट आणि बेअरिंगांसाठी तिकडच्या विक्रेत्यांकडेही पाहता येते. मागवण्याआधी आपल्या भागाचे माप लिहून पाठवावे, केवळ ट्रकचे नाव नव्हे.

दिल्लीचे इंजिन घ्यायचेच ठरले, तर ते भाग काढण्यासाठी घ्यावे. एका जातीच्या दोन इंजिनांतून एक चांगले इंजिन उभे राहते, आणि आपला ब्लॉक त्यात राहिला तर नंबरही राहतो. मात्र ज्या इंजिनावरचा नंबर घासलेला दिसेल ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका.

जुनी गास्केटे खरवडताना ती सुकी घासू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी आहे. ती ओली करून, मुखपट्टी लावून काढावीत आणि घरातल्या मुलांना त्या दिवशी शेडपासून दूर ठेवावे.

प्रश्न : माझ्याकडे १९६४ चा ट्रक आहे व त्यात आधीच्या मालकाने दुसरे इंजिन बसवले आहे. जुन्या वाहनांची वेगळी नंबरपट्टी मला मिळेल काय? — एक वाचक, फोंडा

उत्तर : केंद्र सरकारने २०२१ साली केलेले व्हिंटेज वाहनांचे नियम पन्नास वर्षांहून जुन्या, खाजगी वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी आहेत, आणि वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे अशी त्यांत अट आहे. मालवाहू म्हणून नोंदलेला ट्रक त्या चौकटीत सहज बसत नाही, आणि बदललेल्या इंजिनामुळे आपली बाजू आणखी कमकुवत होते. म्हणून या नंबरपट्टीच्या आशेवर खर्च ठरवू नका. त्याआधी बसवलेल्या इंजिनाची नोंद आरसी बुकात आहे का ते पाहा. नसेल तर त्या इंजिनाची खरेदीपावती आणि ते ज्या गाडीचे होते तिची कागदपत्रे मिळवून परिवहन कार्यालयात ती नोंद आधी करून घ्या. कागद नसलेले इंजिन पुढे आपल्या मुलांच्या गळ्यात पडते. आधीच्या मालकाशी आजच संपर्क साधा, कारण अशी कागदपत्रे माणसांबरोबरच नाहीशी होतात.

प्रश्न : कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात बांधलेला फार्गो ट्रक आम्ही दुरुस्त करत आहोत. त्यात पर्किन्सचे पी-६ इंजिन आहे. नव्याने बांधल्यावर ते पहिल्याच सेल्फला सुरू झाले, पण लगेच आपोआप वेग घेत गेले आणि ॲक्सिलरेटर सोडूनही थांबेना. डिझेलची नळी तोडून ते कसेबसे बंद केले. फ्युएल पंप दुकानातून तपासून आणलेला आहे. चूक कोठे असावी? — एक वाचक, नाशिक

उत्तर : कोणाला इजा झाली नाही ना, हे आपण लिहिलेले नाही, झाली नसावी अशी आशा करतो. ही फार धोक्याची अवस्था असते, कारण अशा वेगाने फ्लायव्हील फुटू शकते.

मद्रासच्या सिम्पसन कंपनीने आपल्याकडे बांधलेल्या या ४.७३ लिटरच्या इंजिनाचा गव्हर्नर (वेग आवरणारी यंत्रणा) हवेच्या ओढीवर चालतो. पंपाच्या मागे एक पडदा असतो आणि हवा आत येण्याच्या वाटेवरील झडपेपासून त्याच्यापर्यंत एक बारीक नळी आलेली असते. ॲक्सिलरेटर सोडला की झडप मिटते, नळीत ओढ निर्माण होते आणि पडदा पंपाचा रॅक (डिझेलचे माप ठरवणारी पट्टी) मागे खेचून डिझेल कमी करतो. ओढ नसेल तर स्प्रिंग रॅकला पुढे ढकलते आणि डिझेल पूर्ण मिळते. थोडक्यात, या रचनेत काही तुटले, फाटले किंवा सैल झाले की इंजिन बंद पडण्याऐवजी भरधाव सुटते. कातड्याचा पडदा वर्षानुवर्षे वाळून तडकतो, आणि पंप दुकानात केवळ डिझेलच्या मापासाठी तपासला असेल तर ही गोष्ट राहून जाते.

इंजिन बंद असताना आपण स्वतः तपासणी करू शकता. पंपाकडून नळी काढा, थांबवण्याचा दांडा ओढून रॅक पूर्ण मागे न्या, नळीच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबून धरा आणि दांडा सोडा. रॅक जागच्या जागी रेंगाळला तर पडदा शाबूत आहे. तो सरळ पुढे सरकत गेला तर पडदा गळतो आहे, आणि तो बदलल्याशिवाय इंजिनाला हात लावू नका. पडदा चांगला निघाला तर नळीची टोके, तिचे जोड आणि झडपेची लिंक पाहा. नवीन बांधणीत नळी लावायची राहून जाणे किंवा तिच्यात चिखलमाशीचे घर असणे, ही कारणेही मला आढळली आहेत. हवेच्या फिल्टरमध्ये तेल खुणेच्या वर भरले असेल तर इंजिन तेच तेल ओढून जाळते आणि मग डिझेल तोडूनही थांबत नाही, म्हणून ती पातळीही पाहून घ्या.

पुढच्या वेळी इंजिन सुरू करताना हवेचा फिल्टर उतरवून ठेवा आणि त्या तोंडापेक्षा मोठी, जाड, सपाट फळी हातात घेऊन एक माणूस तेथे उभा करा. इंजिन सुटले तर फळी तोंडावर घट्ट बसवायची. हवा बंद झाली की ते थांबतेच. तळहात किंवा फडके कधीही लावू नये, ते आत ओढले जाते.

प्रश्न : जुन्या इंजिनाला हल्लीचे डिझेल चालते का? आणि नव्याने बांधलेले इंजिन सुरुवातीला कसे चालवावे? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : चालते, पण थोडी काळजी घ्यावी लागते. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाखांत दहा भागांपर्यंत खाली आले आहे. त्याची वंगणक्षमता राखण्यासाठी कारखान्यातच द्रव्य मिसळले जाते, त्यामुळे पंप लगेच झिजेल अशी भीती बाळगू नये. जुन्या रबरी सील मात्र या डिझेलवर आकसून गळू लागतात, म्हणून पंप खोललेला असतानाच त्या नव्या घालून घ्या. टाकी आतून गंजलेली असेल तर आधी ती साफ करा, नाहीतर नवे नोझल आठवड्यात वाया जातील.

इंजिन सुरू करण्याआधी नोझल सैल ठेवून ते सेल्फवर फिरवावे आणि तेलाचा दाब काट्यावर दिसल्यावरच नोझल आवळावेत. सुरू झाल्यावर ते तासन्तास रिकामे घुरघुरत ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती चुकीची आहे. भाराविना रिंगा सिलिंडरला नीट बसत नाहीत आणि भिंती गुळगुळीत होऊन इंजिन कायमचे तेल खाऊ लागते. पाणी गरम झाले की मध्यम भाराने, वेग बदलत, सपाट रस्त्यावर चालवावे, चढ टाळावा. पहिले तेल पाचशे किलोमीटरच्या आतच बदलावे, आणि काढलेले तेल पांढऱ्या फडक्यातून गाळून त्यात धातूचा कीस कोणत्या रंगाचा आहे ते पाहावे. राखाडी आणि बारीक असेल तर तो रिंगांचा आहे व अपेक्षितच आहे. तांबूस चकाकी दिसली तर गाडी तेथेच थांबवून बेअरिंग उघडावेत.